समईतलं तेल

फार मागची गोष्ट आहे. हैबती गवळ्याच्या सायकलची साखळी हिवाळाभर दवात भिजून गंजली होती. पाडव्याला हैबतीनं सायकल धुतली, हँडल लखलखीत केलं, वर माळ घातली.

साखळी कळवळून म्हणाली, “मालक, मला दोन थेंब तेल द्या हो.”

“अगं, आधी पूजा!” म्हणत त्यानं बाटलीतलं उरलंसुरलं तेल समईत ओतलं आणि साखळीला हळदकुंकू लावलं.

हँडलवरची घंटी म्हणाली, “केवढा मान मिळाला तुला!”

“मानानं गंज जातो का गं, बाई?”

आठवडाभरातच साखळी चढावर तुटली. “नशीबच फुटकं माझं,” म्हणत हैबतीनं तिला परसातल्या उकिरड्यावर फेकलं.

तिथं तिच्याआधीच्या तीन साखळ्या पडल्या होत्या. प्रत्येकीच्या गंजावर कुंकू होतं.