राणी केतकी आणि मुळांचे वन

एका राज्यात समुद्र राजवाड्याच्या पायरीपर्यंत येत असे. तिथे यशोधर नावाचा राजा होता आणि त्याची राणी केतकी. राज्य लहान, पण गलबते दूरदूरची येत. गलबतांवरचे लोक इंग्रजी बोलत, आणि राजाला त्या भाषेचे फार वेड. वेड अर्थाचे नव्हे, आवाजाचे. शब्द जितका लांब, जितका जड, तितका त्याला प्यारा.

एकदा एका व्यापाऱ्याने त्याला तांब्याची पेटी नजर केली. पेटीत सोन्याची पाने होती आणि पानापानावर एकेक इंग्रजी शब्द. झाकणावर एका झाडाची खूण होती, आणि खाली कोरले होते, 'यातला शब्द राजा ज्याला उद्देशून उच्चारील, त्याच्यावर तो खरा होईल.'

"राजाचा शब्द खरा होणार! याहून मोठे दान कोणते?" राजा म्हणाला.

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, आधी अर्थ विचारून घेऊ या."

"प्रधानजी, मोत्याचा कुणी अर्थ विचारतो का?"



वसंतोत्सवाचा दरबार भरला. राणी हिरवे लुगडे नेसून आली. परदेशचे दूत बसले होते, त्यांच्यादेखत राजाला राणीचे कौतुक करायचे होते. त्याने पेटीतला सगळ्यांत भारदस्त शब्द निवडला आणि उभा राहिला. "राणीसाहेब," तो गरजला, "पेट्रिफाय!"

राणीची पावले दगड झाली. मग गुडघे, मग कंबर, मग हात.

"अहो, काय म्हणालात हे?" एवढेच ती बोलली, आणि तिचे ओठही दगडाचे झाले.

वैद्य आले, मांत्रिक आले, मान हलवून गेले. व्यापाऱ्याचे गलबत केव्हाच निघून गेले होते. राजाने राज्य प्रधानाच्या हाती दिले, झाकणावरच्या झाडाची खूण मनात धरली आणि तो एकटाच पायी निघाला.

नदीकाठी एक म्हैस चरत होती. तिच्या पाठीवर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, आज पायी? पालखी रुसली वाटतं?"

राजाने त्याला सारे सांगितले.

"त्या शब्दाचा अर्थ काय?" पक्ष्याने विचारले.

"ठाऊक नाही."

"मग म्हणालास कशाला?"

"भारी वाटला."

 पक्षी म्हणाला, "मी ससाण्याची हाक हुबेहूब काढतो. पण ससाणा आकाशात असेल तेव्हाच काढतो. नाहीतर माझीच पिल्लं घाबरून घरट्यातून पडतील. चल, तुला वाट दाखवतो."

डोंगरामागे मुळांचे वन होते. समुद्रावरून वाहत आलेल्या बिया तिथे रुजल्या होत्या, आणि त्यांची झाडे म्हणजे इंग्रजी शब्द होते. वनाची राखण तमालिका नावाची एक म्हातारी जादूगारीण करत होती. तिचे केस पारंब्यांसारखे जमिनीला टेकले होते.

राजाने हात जोडले आणि घडलेले सारे सांगितले. "माई, ती पेटी तुमची का?"

"पानं माझी. चोरांनी ओरबाडून नेली. एकानंही खाली वाकून मूळ पाहिलं नाही. म्हणून मी त्या पानांना शाप दिला."

"राणीचा काय दोष होता?"

"काहीच नाही. न कळता बोललेला शब्द दोष बघून लागत नाही." म्हातारीने त्याच्या हाती कुदळ दिली. "एका माणसावर या वनातले तीनच शब्द चालतात. एक तू वापरलास. तिसराही चुकला, तर तुझी राणी वाळू होऊन सांडेल. आता खण."

हे पहिले काम. राजाने पेट्रिफायचे झाड शोधले आणि खणू लागला. त्याचे हात सोलवटले. खाली दोन मुळे लागली. एक गार, टणक.

"हे पेट्रा," म्हातारी म्हणाली. "म्हणजे दगड. हेच मूळ त्या पलीकडच्या झाडाखाली जातं. पेट्रोलियम, दगडातलं तेल."

दुसरे मूळ उबदार होते आणि साऱ्या वनाखालून पसरले होते.

"हे फाय. म्हणजे करणं. प्युरिफाय, शुद्ध करणं. सिम्प्लिफाय, सोपं करणं."

राजाने एक हात गार मुळावर ठेवला, एक उबदार मुळावर. "दगड करणं," तो म्हणाला आणि मातीतच बसला. "माई, मी भर दरबारात माझ्या बायकोला म्हणालो, दगड हो. आणि वर हसत होतो."

म्हातारीने त्याला रडू दिले.

मग म्हातारीने दुसरे काम सांगितले. राणीला उठवायचे तर जगण्याचे मूळ शोधायचे. राजा झाडाझाडाखाली खणत गेला, आणि एका ओढ्याकाठी नाडीसारखे उडणारे मूळ त्याच्या बोटांना लागले. त्याचे नाव व्हिव्ह, म्हणजे जगणे. राजा हरखला. त्याने फायचे मूळ ओढून आणले आणि व्हिव्हला जोडले. तिथल्या तिथे रोपटे उभे राहिले, व्हिव्हिफाय.

"जिवंत करणं!" राजा ओरडला. "मिळाला शब्द!"

"थांब," कोतवाल म्हणाला. "मूळ बरोबर आहे. पण हा शब्द लोक कुठं वापरतात, ते विचार."

राजा थांबला नाही. तो धावत राजवाड्यात गेला आणि राणीसमोर उभा राहून म्हणाला, "व्हिव्हिफाय!"

दगडाचे लुगडे हिरवे झाले. ओठ लाल झाले, गालांवर रंग चढला. राजाने तिचा हात धरला. हात दगडाचाच होता.

आधी ती मूर्ती दिसत होती. आता ती केतकी दिसत होती, आणि तरी हलत नव्हती. ते राजाला पाहवेना. तो तोंड फिरवून उभा राहिला.

कोतवाल खिडकीत येऊन बसला. या वेळी त्याने टोमणा मारला नाही. "तो शब्द चित्रासाठी, गोष्टीसाठी वापरतात," तो म्हणाला. "फिकं पडलेलं उठावदार करायला. मूळ दारापर्यंत नेतं, राजा. दार वापरानं उघडतं."

"मग कोणता शब्द?"

"व्हिव्हच्याच झाडाचा. रिव्हाइव्ह. रि म्हणजे पुन्हा. पण तू तो अजून उच्चारू नकोस. आधी तो कुठं राहतो ते बघ."

हे तिसरे काम होते. पक्षी पुढे उडाला, राजा मागे चालला.

एका अंगणात मोगरीचे रोप सुकले होते. राजाने त्याला सावली केली, माती भुसभुशीत केली, पाणी घालत तिथेच राहिला. एका सकाळी काळ्या काडीवर हिरवा डोळा फुटला. पक्षी म्हणाला, "रिव्हाइव्ह."

भर उन्हात घाटात एक हमाल चक्कर येऊन पडला होता. राजाने त्याचे डोके मांडीवर घेतले, तोंडावर पाणी शिंपडले, तळवे चोळले. हमालाने डोळे उघडले आणि म्हणाला, "बाबा, माझं ओझं कुणी नेलं तर नाही ना?" राजाला पहिल्यांदाच हसू आले. पक्षी म्हणाला, "रिव्हाइव्ह."

जिथे लोक नदी ओलांडत अशा एका उतारावर नावाड्यांचे गाव होते. वाटसरूंसाठी तिथे रोज तिन्हीसांजेला काठावर दिवा लावायची रीत होती. दोन आळ्यांचे भांडण झाले आणि दिवा बंद पडला. राजा रोज स्वतः तेल घालून दिवा लावू लागला. लोक लांबून बघत. एक म्हातारा कुरकुरला, "परक्या माणसानं आपला दिवा लावावा, लाज वाटत नाही का रे कुणाला?" दुसऱ्या संध्याकाळी वात एका आळीची होती, तेल दुसऱ्या आळीचे. पक्षी काही म्हणायच्या आतच राजा म्हणाला, "कळलं."

"काय कळलं?"

"रोप मेलं नव्हतं. माणूस गेला नव्हता. रीत कुणी विसरलं नव्हतं. जे आत उरलेलं असतं, त्याच्यासाठी हा शब्द आहे. आणि त्याच्याआधी कुणीतरी जवळ बसावं लागतं."

तो परतला. राणीजवळ बसला आणि तिचा दगडी हात दोन्ही हातांत धरून राहिला. त्याने घाई केली नाही. इतक्यात तमालिका दारात उभी राहिली. तिच्या ओंजळीत एक झळझळीत पान होते.

"तू दमलास, राजा. हा घे तयार शब्द. सर्व्हाइव्ह. यातही जगण्याचंच मूळ आहे. उच्चार आणि मोकळा हो."

जुना राजा असता तर झडप घातली असती. यशोधराने मान हलवली. "माई, गलबतांवरचे लोक हा शब्द वादळातून तगून राहणाऱ्यासाठी वापरतात. दगड तर तगतोच. आम्ही सगळे जाऊ आणि ती अशीच उभी राहील. मला ती टिकायला नको आहे. मला ती परत हवी आहे."

म्हातारीने ओंजळ मिटली आणि प्रथमच त्याच्यापुढे मान लववली.

राजाच्या तळहातांना दगडाचा गारवा जरा उतरल्यासारखा वाटला. तो तिच्या कानाशी वाकला, आणि दरबारात कुणालाही ऐकू गेले नसते इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "रिव्हाइव्ह."

राणीची बोटे त्याच्या हातात वळली. मग मनगट, खांदा, मान. तिने लांब श्वास घेतला आणि ती मटकन खाली बसली.

"अहो, पाय किती दुखतायत माझे. किती वेळ उभी केलीत मला?"

 राजाने तिचे पाय मांडीवर घेतले आणि तो ते चेपू लागला. दारातले दास पाहत होते, प्रधान पाहत होता. राजाला त्याचे काही वाटले नाही.

पेटीतली पाने फिकी पडून साधी झाली. शाप गेला. तमालिकेने वनाचे कुंपण काढून टाकले. ज्याला शब्द हवा त्याने यावे, खणून मूळ पाहावे, आणि तो कोण कुठे वापरतो ते गावात विचारून मगच तोंडात घ्यावा, अशी राजाने दवंडी पिटवली. पहिल्या दिवशी कुदळ घेऊन प्रधान हजर झाला.

त्या संध्याकाळी राणी म्हणाली, "मला जागं केलंत तो शब्द काय होता?"

राजाने शब्द सांगितला.

"असा नुसता नको," राणी म्हणाली. "कुठं कुठं भेटला तुम्हाला, ते सगळं सांगा."

राजा सांगत बसला, राणी ऐकत बसली. मोगरीपाशी ती हसली, हमालापाशी तिने त्याच्या ओझ्याचे विचारले, दिव्यापाशी तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. समुद्र पायरीपर्यंत आला आणि मागे गेला. त्यांचे दुःख जसे निवले, तसे साऱ्यांचे निवो. गोष्ट इथे विसावली.