दातांत धरलेलं पिल्लू

गोदाक्कांच्या गोठ्यात एक रिकामी गव्हाण होती. तिच्यातल्या मऊ गवतावर एक मांजर आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. गोठ्याच्या दाराशी कुत्रा बसे आणि अंगणात एक कोंबडी फिरे. कुत्रा मोठा इमानी, पण डोकं तापायला त्याला वेळ लागत नसे. आणि कोंबडीचं काय सांगावं, मुलांनो! एक पाहायची नि दहा सांगायची.

एके दिवशी गोदाक्का शेतावर गेल्या होत्या. कोंबडी दाणे टिपत गोठ्यात शिरली आणि जागच्या जागी थिजली. मांजरीने आपल्याच पिल्लाची मान दातांत धरली होती! पिल्लू नुसतं लोंबकळत होतं. पाय आखडलेले, डोळे मिटलेले.

"अगं बाई गं! हे काय करतेस?" कोंबडी किंचाळली. मांजर काहीच बोलली नाही. बोलणार कशी? तोंडात पिल्लू होतं ना! ती तशीच भिंतीवर चढली आणि घराच्या माळ्यावर दिसेनाशी झाली.

"धावा, धावा! मांजरीने पोटचा गोळा खाल्ला!" कोंबडी कुत्र्यापाशी जाऊन पंख बडवू लागली. "सकाळी त्याच तोंडात उंदीर होता. या डोळ्यांनी पाहिलाय मी!" कुत्रा ताडकन उठला. आई, आणि पोराला खाते? छे, छे, छे! तो धावत जाऊन गव्हाणीपुढे उभा राहिला.

मांजर परत आली तो कुत्रा दात विचकून समोर. "मागे हो, कैदाशिणी! उरलेल्या दोघांजवळ आलीस तर याद राख!"

"अरे, वेडा की खुळा तू?" मांजर कळवळून म्हणाली. "पिल्लू माळ्यावर सुखरूप आहे. एक बोका कालपासून पिल्लांवर टपून कुंपणावर येऊन बसतोय. ही दोन्हीही हलवायला हवीत."

"मग दातांत कशाला धरलंस त्याला?"

"मग काय कडेवर घेऊ? आम्ही मांजरं पिल्लांना अशीच नेतो."

"म्हणे बोका!" कुत्रा गुरगुरला. "बाप पोरांना बघायला आला तर तुझं काय बिघडलं?" आणि तो तिच्या अंगावर धावून गेला. मांजर उडी मारून आढ्यावर चढली. तिथून ती केविलवाणी ओरडत राहिली, पण ऐकतो कोण!

थोड्या वेळाने बोका आला. शेपटी उभी, आवाज अगदी साखरेत घोळलेला. "कुत्रेदादा, आईनेच टाकली हो माझी लेकरं. जरा चाटतो, ऊब देतो." कुत्र्याला गहिवरून आलं. तो बाजूला झाला. "बाप असावा तर असा!" कोंबडी म्हणाली. कुठला बाप नि कुठलं काय!

गव्हाणीतून एक किंकाळी आली. कुत्र्याने आत डोकावलं, तो काय! बोक्याने एका पिल्लाचं डोकं जबड्यात धरलं होतं! कुत्रा नुसता बघत राहिला. तेवढ्यात आढ्यावरून मांजर थेट बोक्याच्या पाठीवर कोसळली. तिने त्याला असं ओरबाडलं, असं ओरबाडलं की तो पिल्लू टाकून पळत सुटला. पिल्लू वाचलं, पण त्याचा अर्धा कान गेला होता.

धापा टाकत मांजरीने पिल्लाचं रक्त चाटलं आणि त्याची मान दातांत धरली. "परत धरलं! परत धरलं!" कोंबडी ओरडली.

"गप्प बस!" कुत्रा म्हणाला. आता त्याने नीट पाहिलं. आत्तापर्यंत टाहो फोडणारं ते पिल्लू आईच्या दातांत जाताच शांत झालं होतं. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून ते निवांत लटकत होतं. कुत्रा शरमेने मान खाली घालून वाटेतून बाजूला झाला.

तिन्ही पिल्लं मोठी झाली. अर्ध्या कानाचं पिल्लू तर रोज कुत्र्याच्याच पोटाशी येऊन झोपे. तो कान दिसला की कुत्रा तोंड फिरवी. पिल्लाला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तात्पर्य : ज्याची रीत आपल्याला ठाऊक नाही, त्याला दुष्ट ठरवायची घाई करू नये. नाहीतर रक्षण करायला उभे राहणारेच वैऱ्याला वाट करून देतात.