मणीगौर आणि फुकटाची माळ

ऐक गे मणीगौरी, तुझी कहाणी. बायांनो, हातातलं काम खाली ठेवलं नाही तरी चालेल, कान तेवढे इकडे द्या.

नगर होतं आटपाट. नगराला राजा होता, राणी होती, आणि मंगळवारचा मोठा बाजार होता. राजाच्या पागेत रखमाजी नावाचा माणूस घोड्यांचं दाणापाणी करी. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. घरात म्हातारी सासू होती. थोरली नणंद यमू नगरशेटाच्या घरी दिली होती, ती पालखीतून माहेरी यायची.

भिवरेला मण्यांची भारी हौस. जत्रेतून काचेचे मणी आणावेत, रानातून गुंजा वेचाव्यात, रेशमाच्या दोऱ्याला मेण लावावं आणि दुपारी चूल निवली की उंबऱ्याशी उजेडात ओवत बसावं. तिच्या हातची माळ अशी, की गळ्यात पडली म्हणजे सोन्याची आठवण होऊ नये.

मग काय झालं? शेजारीण आली, म्हणाली, लेकीला शोभेल, आणि घेऊन गेली. मग गुरवीण आली, म्हणाली, देवळात बसते, गळा ओका दिसतो, आणि घेऊन गेली. मग सोनाराची बायको आली, तीही घेऊन गेली. तिच्या घरची सोन्याची कणी कुणाला फुकट मिळाली होती का? पण भिवरेच्या घरून माळ नेताना तिला काही वाटलं नाही. यमू आली की मूठ भरून नेई. म्हणे, हौसेचं काम, हात काय झिजतात?

भिवरा म्हणे, "असू द्या, सहज केलंय."

सहज कसलं? मणी काही झाडाला लागत नव्हते. आपल्या वाटणीचं दूधतूप विकून ती मणी आणी. माळ दुसऱ्याच्या गळ्यात गेली की तिला आतून राग येई. पण बोलायची सोय नव्हती. हौसेला कुणी काम म्हणत नव्हतं, आणि सून मोल मागते म्हटलं तर नगर हसलं असतं.

हे सारं मणीगौरीनं पाहिलं. तिला राग आला. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, काठी टेकीत टेकीत दारात आली, म्हणाली, "मुली, मला एक माळ हवी."

भिवरेनं तीनपदरी माळ काढली. म्हणाली, "घ्या आजी, असू द्या, सहज केलंय."

म्हातारीनं माळ उंबऱ्यावर ठेवली. डोळे लाल केले. "मी भीक मागायला आले का? मोल न विचारता देतेस, म्हणजे तूच तुझ्या हातांना कवडीची किंमत देत नाहीस. मग नगरानं का द्यावी?"

भिवरेला रडू आलं. तिनं पाय धरले, यावर उपाय विचारला. म्हातारी म्हणाली, "मणीगौरीचा वसा घे. मंगळवारी न्हावं, पहिली माळ गौरीला वाहावी. मग बाजारात आपली चटई टाकावी, आपल्या नावानं बसावं. मोल विचारलं तर मान वर करून सांगावं. गरजवंताला मनानं द्यावं, धटिंगणाला भिऊन देऊ नये. आणि 'असू द्या, सहज केलंय' हे शब्द तोंडातून काढू नयेत. वसा टाकशील तर हात रुसतील." एवढं बोलून तिनं माळेचं मोल उंबऱ्यावर ठेवलं, माळ उचलली, चालती झाली.

मंगळवार आला. भिवरेनं वसा घेतला, बाजारात चटई टाकली. सासू घरात धुमसत बसली, म्हणाली, घरची अब्रू मातीत अंथरली. पहिल्या मंगळवारी लोकांनी पाहिलं आणि हसून गेले. दुसऱ्या मंगळवारी माळ उचलली, मोल ऐकलं, खाली ठेवली. तिसऱ्या मंगळवारी परगावची एक कुणबीण आली, तिनं मोल विचारलं, मोल दिलं, माळ गळ्यात घालून गेली. भिवरा घरी गेली ती पाय जमिनीला न लागता.

पण पुढच्या बाजारी यमूची पालखी चटईपाशी थांबली. नगरशेटाची सून चारचौघांत उभी. म्हणाली, "वहिनी, नणंदेकडून मोल घेशील?" भिवरेची मान खाली गेली. तोंडातून शब्द निसटले, "असू द्या वन्सं, सहज केलंय." यमूनं चटईवरच्या साऱ्या माळा उचलून नेल्या.

मग हात रुसले. सुई धरली तर दोरा निसटे, दोरा धरला तर मणी निसटे, गाठ मारली तर उकले. भिवरा देवळात गेली, गौरीपुढे कपाळ टेकलं, म्हणाली, "आई, चुकले. मी भ्याले." आणि पुन्हा वसा घेतला. हळूहळू बोटं वळू लागली.

इकडे यमूनं काय केलं? त्या माळा घेऊन ती राजवाड्यात गेली. राणीला नजर केल्या, म्हणाली, माझ्या हातच्या आहेत. राणी खूश झाली. तिनं यमूला मानाचं पैठणी पातळ दिलं आणि म्हणाली, राजकन्येचं लगीन आहे, साऱ्या करवल्यांच्या माळा तूच कर.

यमू धावत माहेरी आली. भिवरेपुढे मण्यांची टोपली ठेवली, म्हणाली, घरचंच काम आहे, राजकन्येच्या लग्नाच्या आत ओवून दे.

भिवरेनं विचारलं, "नाव कुणाचं?"

यमू म्हणाली, "नावाचं तुला काय करायचंय? तू काय दरबारात जाणार आहेस?"

भिवरेच्या अंगाचा भडका उडाला. तिनं टोपली उचलून पालखीत नेऊन ठेवली. म्हणाली, "वन्सं, मोल ठेवा, माझं नाव सांगा, मग माळा न्या. नाही तर स्वतः ओवा."

यमू आईकडे वळली. रखमाजीची पागेतली चाकरी घालवीन म्हणाली. रखमाजी खांबाशी मान खाली घालून बसला. मग सासू उठली. भिवरेला वाटलं, आता मलाच बोलणार. पण सासू लेकीला म्हणाली, "यमे, मी जन्मभर गोधड्या शिवल्या. तुझ्या सासरी माझीच गोधडी पांघरतात. कधी कुणाला सांगितलंस, ही माझ्या आईनं शिवली? सारी कापडं माझी, डोळे माझे गेले, आणि सगळे म्हणाले म्हातारीला नाद आहे. हिचं तसं होऊ देणार नाही. जा तू."

रखमाजीनं मान वर केली. म्हणाला, "ताई, चाकरी गेली तर मी चटई उचलीन."

यमू तणतणत गेली. चार बायकांकडून धाकानं माळा ओवून घेतल्या, त्यांनाही मोल दिलं नाही.

भिवरा गप्प बसली नाही. सासूला बरोबर घेतलं, दरबारात गेली. राणीपुढे उभी राहिली आणि घडलं ते सांगितलं. राणी म्हणाली, नणंद-भावजयीचा तंटा चुलीपाशी मिटवा, माझ्याकडे कशाला आणता?

भिवरा म्हणाली, "राणीसाहेब, आपण सोनाराला मोल देता, कोष्ट्याला देता, घोड्याला नाल ठोकणाऱ्यालाही देता. ते करतात ते काम, आणि बाई करते ती हौस? माझी माळ आपल्या गळ्यात आहे. तिचं मोल आपण दिलं नाही, आणि कुणी केली हेही विचारलं नाही."

राणीचा चेहरा तांबडा झाला. शिपायांनी दोघींना बाहेर काढलं. भिवरा वाटभर संतापानं भराभर चालत होती. सासूनं तिचा हात घट्ट धरला, सोडला नाही.

लगीनघडी आली. मांडव भरला, वाजंत्री वाजली, अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिली माळ तुटली ती राणीच्या गळ्यातली. मग करवल्यांच्या तुटल्या. मग सोनारणीची, गुरविणीची, शेजारणीची. मांडवात जिथे जिथे फुकटाची माळ होती, तिथे दोरा तुटला आणि मणी उधळले. मंगळसूत्राच्या काळ्या पोती तेवढ्या गौरीनं राखल्या. मण्यांवरून पाय घसरले, वाजंत्री थांबली, सरदारांच्या बायका भरजरी शालूत गुडघ्यांवर रांगत मणी वेचू लागल्या. दाराशी उभ्या परगावच्या कुणबिणीची माळ मात्र जशीच्या तशी होती.

राणीनं तिला जवळ बोलावलं, विचारलं, तुझी कशी टिकली? कुणबीण म्हणाली, "मी मोल देऊन घेतली, बाईसाहेब. भिवरेची आहे."

राणी मंगळवारी बाजारात पायी आली. चटईवर गिऱ्हाइकासारखी बसली. मोल विचारलं. भिवरेनं मान वर करून सांगितलं, राणी म्हणून जास्त नाही, भिऊन कमी नाही. राणीनं आधीचंही चुकतं केलं, आणि यमूनं राबवलेल्या त्या चार बायकांचंही नगरशेटाकडून देवविलं. चारचौघांत दवंडी पिटवली, की या माळा भिवरेच्या हातच्या.

मग चटईचं दुकान झालं. त्या चार बायका भिवरेपाशी येऊन ओवू लागल्या. प्रत्येकीची माळ वेगळी टांगलेली असे आणि ती कुणाची हे गिऱ्हाइकाला सांगितल्यावाचून विकली जात नसे. शेजारी सासूच्या गोधड्यांची चवड लागली. रखमाजी सकाळी दुकान झाडून पागेत जाई.

एके मंगळवारी यमू आली. पालखी नव्हती, पायी आली. म्हणाली, "वहिनी, झालं ते विसर. लेकीचं लगीन आहे, अजून का राग धरतेस?"

भिवरा म्हणाली, "राग आहे, वन्सं. तो जाईल तेव्हा जाईल. कोणती माळ दाखवू?"

यमूनं पाचपदरीकडे बोट केलं. मोल विचारलं, मोल ठेवलं. भिवरेनं माळ कोऱ्या कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी दिली.

मणीगौर जशी भिवरेला पावली, तशी ज्यांचे हात राबतात आणि नाव दुसऱ्याचं होतं, त्या तुम्हां-आम्हां साऱ्यांना पावो. फुकट नेणाऱ्यांच्या माळा तुटोत, मोल देणाऱ्यांच्या टिकोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ती देवाब्राह्मणांच्या दारी, कष्टकरणीच्या घरी सुफळ होवो, इथे संपूर्ण होवो.