जिभेवर थांबलेलं वाक्य

डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीमागे एक इवलीशी झोपडी होती. तिथे चंपी आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची. पण तिची बोटं आखडली आणि विणकाम थांबलं. तेव्हापासून चूल कधी पेटायची, कधी नाही. चंपीचा परकर ठिगळाठिगळांचा, डोळे मात्र लुकलुकते!

जवळच फुलांनी डवरलेली बाग होती. लालचुटुक जास्वंदी, पिवळीधमक शेवंती, निळीशार गोकर्ण! गावातली मुलं तिथे गलोली घेऊन यायची, पाखरांना खडे मारायची.

"मारू नका रे! पाप लागतं!" चंपी ओरडायची.

"आली मोठी शिकवणारी!" म्हणत मुलं आणखी जोरात खडे मारायची.

एका सकाळी जास्वंदीखाली जांभळं, पिटुकलं पाखरू पडलेलं दिसलं. पंख दुखावलेला. चंपीनं त्याला ओंजळीत घेतलं, चोचीत दवाचा थेंब सोडला. तोच ओंजळ सोनेरी उजेडानं भरून गेली, आणि पाखराच्या जागी बोटभर उंचीची परी उभी राहिली. मोरपंखी पंख, चमचमता झगा!

"गुणाची गं माझी! एक वर माग."

चंपीला आईची बोटं आठवली. पण वर घरट्यात पिल्लं चिवचिवत होती, आणि लांबून मुलांचा गलका जवळ येत होता.

"परीताई, माझं म्हणणं त्या मुलांच्या मनात उतरू दे."

"तुझ्या तोंडून गोष्टी झरतील. पण अट आहे हं! शेवटी 'म्हणून असं वागू नका' म्हणायचं नाही. म्हटलंस, की सगळ्या गोष्टी विरून जातील."

"मग त्यांना कळणार कसं?"

"त्यांचं त्यांना सापडू दे की, बाळ."

मुलं आली. चंपीनं गोष्ट सुरू केली. एका पिल्लाची आई दाणा आणायला गेली. ऊन कललं, तरी परतली नाही. पान सळसळलं, की पिल्लू आपली चोच उघडायचं... मुलं सरकत सरकत जवळ आली.

गोष्ट संपली. ते वाक्य चंपीच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

त्यांच्यातल्या दांडग्या भिवानं हळूच विचारलं, "आली का गं त्याची आई?"

"नाही."

भिवा बराच वेळ घरट्याकडे बघत राहिला. मग त्यानं गलोलीचं रबर सोडवलं, त्या रबरानं एक करवंटी फांदीला बांधली आणि तिच्यात पाणी ओतलं. बाकीची मुलं करवंट्या शोधायला पळाली.

पाकळीवर परी हसत होती. "आता हे न मागता," म्हणत तिनं झोपडीकडे चिमूटभर मोतिया चुरा फुंकला.

"चंपे! अगं, बोटं वळतायत माझी!" आईची हाक आली.

चंपीनं वळून पाहिलं, तर परी नव्हती. साऱ्या बागेवर केशरी प्रकाश झुळझुळत होता, आणि ओल्या हातांची मुलं तिला ओढत म्हणत होती, "चंपे, आणखी एक सांग ना गं!"