लिंबाजीने सासऱ्यांचा ताठा काढला

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा जावई होता. त्याची बायको माहेरी जाऊन बसली होती. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "एखादी नोकरी टिकवून दाखवा, मगच मुलगी पाठवीन."

लिंबाजीने नोकरी धरली. वसुधाबाईंकडे. बाई घरामागच्या शेडमध्ये उसाच्या चिपाडातून साखर काढायचा प्रयोग करत. त्यासाठी चिपाड आधी गरम पाण्यात वाफवायचं. पहिल्याच दिवशी लिंबाजीने टाकीचं झाकण उघडं टाकलं. सगळी वाफ छपराला.

"अरे, झाकण घट्ट लावावं! वाफ बाहेर जाता कामा नये!"

"चुकलंच बाई. माझ्या डोक्यातच चिपाड भरलंय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुकर लावला. शिट्टीतून वाफ निघाली. लिंबाजीने धावत जाऊन शिट्टीत चिंधी कोंबली. भात छताला जाऊन चिकटला.

"अरे शहाण्या, तापलेल्याला हात लावू नये! आधी थंड होऊ द्यावं!"

"चुकलंच बाई. चिपाड ते चिपाडच. आता ध्यानात ठेवतो."

तेवढ्यात नोकरीची चौकशी करायला सासरे आले. छताचा भात बघून भलतेच तापले. लिंबाजी हात मागे बांधून उभा.

"काय हो, पाया पडायची पद्धत नाही वाटतं तुमच्याकडे?"

"आहे की मामा. पण तुम्ही तापलाय. थंड झालात की हात लावतो."

"मुलगी विसरा!" सासरे गरजले.

लिंबाजीला रडूच कोसळलं. तो शेडमध्ये चिपाड वाफवणाऱ्या बाईंकडे धावला. "बाई, ताठा कसा घालवायचा हो?"

बाईंना वाटलं, चिपाडाचं विचारतोय. "गरम पाण्याने. बंद करून चांगलं वाफवायचं. मऊ पडलं की विरजण लावून रात्रभर ठेवायचं. गोडवा आपोआप सुटतो." चिपाडात घालायच्या औषधाला बाई विरजणच म्हणत.

लिंबाजीने बंब पेटवला. "मामा, दमून आलात, आंघोळ करून घ्या." सासरे न्हाणीघरात गेले. लिंबाजीने कढत पाण्याच्या बादल्या आत सरकवल्या आणि बाहेरून कडी घातली.

आत वाफच वाफ. सासऱ्यांनी आधी शिव्या दिल्या. मग दार बडवलं. मग आवाज मऊ पडला.

"जावईबापू! अहो राजे! कडी काढा हो! मुलगी आजच पाठवतो, साडीचोळी करून पाठवतो!"

लिंबाजीला आनंदाने काय करू न् काय नको असं झालं. तो दह्याचं पातेलं घेऊन स्टुलावर चढला आणि झरोक्यातून अख्खं पातेलं सासऱ्यांच्या डोक्यावर ओतलं.

"मामा, एवढ्यात बाहेर यायचं नाही. आत्ताशी विरजण लावलंय!"