टिटवीचा वळसा

गारमाळची पायवाट नदीपर्यंत सरळ येते आणि गोट्यांची पुळण लागली की एकदम बाजूला वळते. पलीकडचा बाजार समोर दिसत असतो, तरी चैत्र-वैशाखात गावातलं कुणी पुळण तुडवत नाही. उन्हाने वैतागलेले पाहुणे कारण विचारतात, तेव्हा केरबा आजोबा त्यांना करंजाखाली बसवून ठकूची हकीकत सांगतात.

फार पूर्वी म्हणे साऱ्या रानपाखरांची अंडी पांढरीच असत. गवतात, पानांत, दगडांत ती लांबून चमकत आणि माणसं टोपल्या भरभरून नेत. एका साली रानात एकही पिल्लू उडालं नाही. रंगाऱ्याची ठकू दारोदार फिरली. "एक हंगाम सोडा, एवढंच मागते!"

"ठके, आधी तुझं लगीन जमव, मग पाखरांचे संसार मांड," लोक हसले.

विनवून विनवून तिचा घसा बसला. शेवटी ती चिडली आणि अंडी रंगवायला बापाची रंगाची मडकीच रानात घेऊन गेली. पण पाखरंही माणसांच्याच वळणावर गेलेली. सातभाईंनी कालवा करून जवळजवळ सगळी नीळ संपवली. कावळ्याच्या वाट्याला फिकट हिरवट गाळ आला. कोकिळा हळूच म्हणाली, "मलाही याच्यासारखाच."

"तुला कशाला गं?"

ती कावळ्याच्या घरट्याकडे बघत राहिली.

खंड्या नि पिंगळा बिळा-ढोलीतून बाहेरच आले नाहीत. "अंधारात कोण बघतंय?" होला म्हणाला, "उद्या येतो." तो उद्या अजून उजाडलेला नाही.

टिटवी तेवढी निमूट आली. ती उघड्या पुळणीवर अंडी घालणारी, म्हणून ठकूने तिच्यासाठी जीव ओतला. मातकट रंगावर हिरड्याचे काळे ठिपके शिंपडले. अंडं कुठलं नि गोटा कुठला, कळेना. टोपल्या रिकाम्या परतल्या. ठकू हरखून पुळणीवर धावली, आणि पायाखाली काहीतरी फुटलं.

तिच्याच पायाखाली.

ती तिथेच बसून राहिली. बाजाराला निघालेली माणसं आली, तेव्हा हात पसरून वाटेत आडवी उभी राहिली. "इथनं जाऊ नका! अंडी हायत."

"दिसंना ते चुकवायचं कसं गं?"

"वळसा घाला!"

पुन्हा तेच हसू. मग ठकूने निश्चय केला, की पिल्लं चालू लागेपर्यंत पुळणीवरून हलायचं नाही. ऊन असो, वावटळ असो, कुणी गोट्यावर पाय ठेवला की ती ओरडे. तिचं ऐकून टिटवीही ओरडायला शिकली, असं सांगतात. दोघींचा गिल्ला ऐकून लोकांचे कान किटले. शेवटी त्यांनी वळसा धरला, पटलं म्हणून नव्हे, कटकट नको म्हणून. ठकूला ते कळत होतं. ती मरेपर्यंत त्यावर चरफडत राहिली.

आजही गाव वळसा घालतं, कुरकुरत का होईना. आणि आजही त्या लांबून जाणाऱ्यांच्या डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडतेच. एवढ्या पिढ्या झाल्या, पण माणसांची तिला अजून खात्री पटलेली नाही.