कोंडाईची घडवंची

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की खडसवण्याच्या घाटाला तेव्हा वाटसुद्धा नव्हती. ती पुढे बैलांच्या खुरांनी पडली. त्या काळी गावाखालच्या नदीत एक डोह होता आणि डोहात जळाई देवी होती. देवीला मूर्ती नव्हती, मुखवटा नव्हता. डोहातले मासे हेच तिचं रूप. तांबूस सोनेरी खवल्यांचे, हात-दोन हात लांबीचे खडस मासे. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या मासोळीच्या ओठात सोन्याची नथ होती आणि तिला सगळे थोरली म्हणत. नथ कुणी घातली? देवीनंच घातली, असं म्हणतात.

गावाचा आणि माशांचा एक करार होता. मासे आहेत तोवर गाव. शेवटचा मासा मेला, की चुली विझवायच्या आणि मागे वळून न बघता गाव सोडायचं. करार तोंडीच होता, पण तोंडी कराराचीच धास्ती जास्त. कागद फाडता येतो, शब्द कसा फाडणार?

मग एक वर्ष पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. डोह आटत आटत परातीएवढा झाला आणि मासे एकमेकांच्या अंगावर पडू लागले. गावानं ठरवलं, मासे देवळाच्या अंगणात आणून भांड्यांत जगवायचे. आधी रांजणात सोडून पाहिले, तर मासे वर येऊन नुसते तोंड उघडायला लागले.

तेव्हा कोंडाई सुतारीण म्हणाली, "अरे, वाहत्या पाण्यातले जीव हे. साठल्या पाण्यात त्यांचा श्वास कोंडतो. वरून धार पडत राहिली पाहिजे."

कोंडाईनं नवऱ्यामागे त्याची सुतारकीची हत्यारं, वाकस आणि किंकरं, हातात घेतली होती. गावाचे नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, सगळं तिच्या हातचं. बाई मोठी तापट, असं गाव म्हणे. खरं विचाराल तर तापट नव्हती. खोटं काम दिसलं की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे, आणि गावात खोटं काम रोज दिसे. त्याला ती काय करणार?

तिनं रानातून ऐनाचं लाकूड आणलं आणि दोन मजली घडवंची उभी केली. वरच्या मजल्यावर पाण्यानं भरलेले मोठाले रांजण. रांजणांच्या बुडाशी वेळूची तोटी. खालच्या मजल्यावर अख्खं आंब्याचं खोड कोरून केलेली दोण, तिच्यात मासे. वरून धार पडायची, दोण भरून पाणी खालच्या हौदात सांडायचं, बायका ते पुन्हा वर चढवायच्या, आणि कमी पडेल तेवढं घाटाखालच्या झऱ्यावरून आणायच्या. देवीच्या पाण्याजवळ लोखंडाचा खिळा चालत नसे, म्हणून सगळा सांगाडा खैराच्या खुंट्यांवर. आणि घडवंची डुलू नये म्हणून चारी बाजूंना तिरके, जाडजूड धिरे. त्या धारांखाली मासे पुन्हा पोहायला लागले. थोरली तर धारेच्या तोंडाशी उलटी चढायला बघे, असं म्हणतात.

बातमी पसरली. आसपासच्या गावांतून माणसं दर्शनाला येऊ लागली, कारण डोहात कधीमधी दिसणारी थोरली आता हाताच्या अंतरावर दिसत होती. इथंच घोळ झाला. समोरचे दोन तिरके धिरे नेमके दोणीच्या पुढून जात होते. माणसं वाकून, मान वाकडी करून बघत आणि म्हणत, नथ काही दिसली नाही बुवा.

शिदोजी पाटलांना ते लागलं. त्यांनी कोंडाईला बोलावलं. "समोरचे धिरे काढ. देवीच्या तोंडावर काय ही लाकडं आडवी घातलीस? देव्हारा कसा असतो? चार नाजूक खांब आणि समोर मोकळं."

"पाटील, देवाला वजन नसतं. पाण्याला असतं. हा देव्हारा नाही, घडवंची आहे."

"बाईमाणसानं लाटणी-पोळपाट करावेत. देवाच्या दारात तोंड वाजवू नये."

"लाटणं मोडलं तर पोळी वाकडी होईल. हे मोडलं तर गाव उठेल. धिऱ्याला हात लावू नका," असं म्हणून ती दुसऱ्या दोणीचं लाकूड बघायला रानात गेली.

आता बघा, शोभेपायी आधार काढणारा शिदोजी काही जगातला पहिला नव्हे. घाटाखाली एक वाणी होता. त्यानं दुकानात कोरीव पायांची मांडणी केली आणि तिच्यावर तेलाचे बुधले चढवले. शेजाऱ्यानं सांगितलं, पाय बारीक आहेत. वाणी म्हणाला, गिऱ्हाईक आधी पाय बघतं. मांडणी पडली, तेल रस्त्यापर्यंत गेलं, आणि वाणी काय म्हणाला? मुहूर्ताचा नारळ नासका निघाला! स्वतःची चूक नारळावर ढकलणारी ही जात जुनी आहे.

पाटलांनीही तेच केलं. कोंडाईची पाठ वळताच देवळाच्या गुरवाला करवत दिली आणि समोरचे दोन्ही धिरे उडवले. दर्शन मोकळं झालं. लोक वाहवा करू लागले. दुपारी बायकांनी झऱ्याचं पाणी आणून वरचे रांजण काठोकाठ भरले. घडवंची एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि कडाड करून खाली बसली. रांजणांच्या खापऱ्या झाल्या, दोण पालथी झाली, आणि देवीचे मासे तापल्या फरशीवर तडफडू लागले. बायकांनी ओल्या पदरात मासे उचलले, हंड्यांत, घंगाळांत, सापडेल त्यात टाकले. थोरली वाचली. पण तिच्यामागे फिरणारा एक धाकटा मासा कुणाच्या हाती आलाच नाही.

कोंडाई परतली तेव्हा पाटील अंगणाच्या मधोमध उभे राहून सांगत होते, "सुतारणीचा हातच अपशकुनी. विधवेकडून देवाचं काम घेतलं, देवी कोपली."

आणि माणसं माना हलवत होती! ज्यांच्या घरातला प्रत्येक नांगर त्या हातानं घडवला, ती माणसं. ज्यांनी सकाळी धिरे कापताना उभं राहून पाहिलं, ती माणसं!

कोंडाई रडली नाही. तिनं आधी तो मेलेला मासा पदरात घेतला, खाली ठेवला, मग ढिगाऱ्यातून धिऱ्याचा तुकडा उचलून सगळ्यांपुढे धरला. "मोडलेलं लाकूड फाटतं. रेषा निघतात, कुसळं निघतात. हे बघा, लोण्यासारखं गुळगुळीत. देवी कोपली म्हणता? देवीकडे करवत असते का रे?"

गुरवानं खाली बघत म्हटलं, "पाटलांनी सांगितलं."

हंड्यांतले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले होते.

"मी पुन्हा बांधते," कोंडाई म्हणाली. "पण वर पाणी चढेल तेव्हा शिदोजी पाटील दोणीखाली बसतील. तिथंच भाकरी खातील. नाहीतर हा वाकस मी खाली ठेवला."

पाटील लाल झाले. "मी? गावचा पाटील तुझ्या लाकडाखाली बसू?"

तेव्हा एकेका बाईनं डोक्यावरची घागर उतरवून जमिनीवर ठेवली. एवढंच.

कोंडाई ऐनाचं झाड तोडायला गेली. ऐनाच्या खोडात ओंजळभर पाणी असतं, हे रानातल्या माणसाला ठाऊक असतं. पण तिच्या रागाचा पहिला घाव बसला आणि झाडातून मोटेसारखी धार सुटली. बायका घागरी लावून थकल्या तरी ती थांबली नाही, असं म्हणतात. त्याच पाण्यावर मासे तगले आणि त्याच झाडाची नवी घडवंची झाली.

रांजण चढवायची वेळ आली. पाटील फेटा सावरत दोणीखाली जाऊन बसले. पुढ्यात भाकरी आणि ठेचा. पहिली घागर वर ओतली, तसे त्यांचे डोळे वर गेले. दुसरी ओतली, तसा घास हातातच राहिला.

"कोंडाई, ही खुंटी नीट बसलीय ना गं?"

"बसलीय, पाटील."

"आणि हा खांब? जरा बारीक वाटतो. समोरून अजून एक धिरा घाल की!"

"दर्शनाच्या आड येईल, पाटील."

"येऊ दे आड! दोन घाल!"

अख्खं अंगण हसलं. कोंडाई मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो धाकटा मासा होता.

घडवंची केसभरही हलली नाही. मासे पाऊस येईतो जगले, गाव राहिलं. आणि डोह भरला त्या दिवशी घडवंचीच्या कापलेल्या, तासलेल्या चारी खांबांना पालवी फुटली. देवळापुढे आज जे ऐनाचे चार बुंधे चौकात उभे आहेत, ते तेच, असं म्हणतात.

तेव्हापासून खडसवण्यात रीत आहे. घडवंची असो, माळा असो, ओढ्यावरचा साकव असो. ज्यानं ते करायला सांगितलं किंवा त्याचा ठेका घेतला, त्यानं पहिला भार चढताना खाली बसून भाकरी खायची. त्याला कोंडाईचं जेवण म्हणतात. जावयालासुद्धा सूट नाही.

अलीकडे गावात उंच खांबांची पाण्याची टाकी झाली. उद्घाटनाला मांडव पडला, हार आले. गावानं ठेकेदारासाठी टाकीखाली पाट मांडला, रांगोळी घातली, ताटात गरम भाकरी, ठेचा, वर लोण्याचा गोळा. म्हाताऱ्या सरपंचबाई म्हणाल्या, "या साहेब, बसा. तुम्ही जेवा, आम्ही पाणी सोडतो."

ठेकेदारानं एकदा वर बघितलं, एकदा ताटाकडे बघितलं, आणि म्हणाला, आज माझा उपास आहे.

गावानं त्या टाकीत अजून थेंब सोडू दिलेला नाही. दर सोमवारी खाली पाट मांडतात, ताट वाढतात, आणि त्याला निरोप धाडतात: उपास सुटला असेल तर या.